प्राचीन कला पाहायला शिकताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कलेच्या इतिहासाकडे स्वतःहून वळणाऱ्या वाचकासमोर सुरुवातीलाच दोन याद्या येतात. एका यादीत रेषा, आकार, घनाकार, रंग, पोत, अवकाश, प्रमाण, तोल आणि लय अशी मूलतत्त्वे असतात, तर दुसरीत अश्मयुगापासून रोमपर्यंतची सनावळी असते. दोन्ही याद्या पाठ करता येतात आणि परीक्षेत त्यांचे गुणही मिळतात. पण संग्रहालयात एखाद्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर त्यांतले काहीच उपयोगी पडत नाही, कारण तत्त्वे उदाहरणांशिवाय आणि उदाहरणे तत्त्वांशिवाय शिकलेली असतात. म्हणून येथे प्रत्येक तत्त्व अशा कलाकृतीच्या आधारे समजावून घेतले आहे, जिच्यात त्या तत्त्वावाचून काही उरतच नाही.

सगळ्या पायऱ्यांना लागू पडणारा एक नियम आधीच सांगितलेला बरा. प्राचीन चित्रात काही विचित्र दिसले, म्हणजे चेहरा बाजूने असून डोळा समोरून काढलेला असला किंवा राजा हत्तीएवढा आणि शत्रू बोटाएवढा असला, तर ‘त्या काळच्या लोकांना नीट जमत नव्हते’ हा निष्कर्ष बाजूला ठेवावा. दिसते ती त्या कलावंताची निवड आहे असे धरून तिचे कारण शोधावे. कारण दर वेळी सापडेलच असे नाही, परंतु शोधताना नजर जे टिपते ते एरवी कधीच टिपले जात नाही.

साहित्य फारसे लागत नाही. एक कोरी वही, एक चौकटींची वही, एचबी पेन्सिल, मोजपट्टी, कोळशाचा तुकडा आणि कुंभाराकडे किंवा किराणा दुकानात मिळणारा गेरूचा खडा एवढे पुरे. भ्रमणध्वनीतील कॅमेरा जवळ असू द्यावा, पण तो वहीच्या नंतर काढावा. छायाचित्र एका क्षणात घेता येते आणि तेवढ्याच वेळात मन त्या वस्तूवरून उठून जाते. रेखाटन करायचे म्हटले की मात्र बोटे किती आहेत हेही मोजावे लागते.

पहिली पायरी: माप आणि द्रव्य लिहून काढावे

पुस्तकातल्या आणि पडद्यावरच्या छायाचित्रांमुळे सर्व कलाकृती एकाच मापाच्या वाटू लागतात. ऑस्ट्रियातील विलेनडॉर्फ येथे १९०८ मध्ये सापडलेली स्त्रीमूर्ती पानभर छापलेली असते, म्हणून ती मोठी असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती सुमारे ११ सेंटिमीटर उंच, म्हणजे मुठीत मावणारी आहे. मोहेंजोदडोची कांस्य ‘नर्तिका’ साडेदहा सेंटिमीटरची आहे. हडप्पा संस्कृतीच्या कोरीव मुद्रा तर बहुधा अडीच-तीन सेंटिमीटर बाजूच्या असतात आणि त्यांवरच्या बैलाच्या गळ्याची प्रत्येक वळी त्या इवल्या जागेत कोरलेली असते. याउलट फ्रान्समधील लास्को गुहेतला सर्वांत मोठा बैल पाच मीटरांहून लांब आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे.

म्हणून कोणतीही कलाकृती अभ्यासायला घेतली की प्रथम तिचे माप शोधावे आणि शक्य असेल तर वहीत खऱ्या मापात तिची बाह्यरेषा काढावी. हे केल्यावर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. हातात धरून फिरवायची वस्तू आणि जमिनीवर चालत जाऊन पाहायची आकृती यांच्यासाठी कलावंताने वेगळा विचार केलेला असणारच. विलेनडॉर्फच्या मूर्तीचे पाय इतके निमुळते आहेत की ती स्वतःहून उभी राहत नाही. ती हातात धरण्यासाठी घडवलेली असावी, हा तर्क तिच्या मापातून आणि आकारातून निघतो.

मापाशेजारी द्रव्य लिहावे: चुनखडक, हस्तिदंत, जांभा, भाजलेली माती, कांसे, संगजिरे. प्रत्येक द्रव्य काही गोष्टी करू देते आणि काही करू देत नाही. संगजिरे मऊ असते, म्हणून मुद्रांवर इतके बारीक कोरीवकाम जमले आणि नंतर भाजून ते कठीण करता आले. जांभा खडबडीत असतो, म्हणून कोकणातल्या कातळशिल्पांत पापण्या किंवा केस शोधू नयेत. तेथे सगळा भर रेषेवर आहे.

दुसरी पायरी: रेषा आणि आकार वेगळे ओळखावेत

आकृती दोन प्रकारे उभी करता येते. फक्त कडेची रेषा ओढून आतला भाग मोकळा ठेवता येतो किंवा संपूर्ण भाग एकाच रंगाने भरून छायाकृती करता येते. मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात भीमबेटका येथील शैलाश्रयांत (खडकांच्या नैसर्गिक आडोशांत) हे दोन्ही प्रकार एकाच भिंतीवर दिसतात, म्हणून नवशिक्यासाठी त्याहून चांगली शाळा नाही. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये ही जागा अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि २००३ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे गेल्यावर एकदम सगळे पाहू नये. एखाद्या शैलाश्रयातले एकच हरीण निवडून त्याची पाठीची रेषा कोठे सुरू होते, ती न थांबता शेपटीपर्यंत जाते की मध्ये तुटते, पाय दोन काढले आहेत की चार, हे पाहावे. काही प्राण्यांच्या पोटात आतडी किंवा गर्भ दाखवलेला आढळतो. डोळ्यांना न दिसणारी, पण माहीत असलेली गोष्ट तेथे चितारली आहे; चित्र म्हणजे दिसते त्याची नक्कल, ही आपली सवयीची व्याख्या येथेच अपुरी पडते.

रेषेचा सराव करण्यासाठी कोकणातील कातळशिल्पे अधिक उपयोगी आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील उक्षी, कशेळी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी आणि कुडोपी या ठिकाणांचा, तसेच गोव्यातील कुशावती नदीकाठच्या फणसाईमळ येथील शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. ही शिल्पे उभ्या भिंतीवर नसून आडव्या सड्यावर आहेत, त्यामुळे जमिनीवर उभे राहून मोठी आकृती एका नजरेत मावत नाही. कोरणाऱ्याला तरी ती कोठे दिसत होती? डोक्यात संपूर्ण आकृती धरून पायाखालच्या हातभर भागात ती कोरत जाणे, हे केवळ कौशल्य नसून आकाराची पक्की जाण आहे. कशेळीच्या हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. तेथे एका आकाराचे पोट हेच दुसऱ्या आकारांचे अंगण झाले आहे.

सरावासाठी एक प्रयोग करावा. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर खडूने तीन मीटर लांबीचा बैल काढून पाहावा. पाठीची रेषा एका दमात ओढता येत नाही, प्रमाण बिघडते आणि मागे जाऊन पाहावे लागते. त्यानंतर सड्यावरच्या आकृतीकडे पाहण्याची दृष्टी नक्कीच बदलते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. भीमबेटकाच्या माणसांच्या आकृती पाहून अनेकांना वारली चित्रे आठवतात आणि ‘वारली कला अश्मयुगापासून चालत आली’ असे विधान सहज केले जाते. आकृती सारखी दिसते एवढ्यावरून परंपरा सलग असल्याचे सिद्ध होत नाही. वारली चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढले जाते, लग्नाचा चौक हा त्याचा गाभा आहे आणि ती आजची जिवंत परंपरा आहे. तिला तिच्याच संदर्भात पाहावे.

तिसरी पायरी: रंग हातांनी वाटून पाहावा

प्रागैतिहासिक रंगपेटी लहान होती. लोहयुक्त मातीपासून लाल, पिवळा व तपकिरी, कोळसा किंवा मँगनीजयुक्त खनिजापासून काळा आणि चुनखडी किंवा पांढऱ्या मातीपासून पांढरा असे मोजके रंग मिळत. निळा जवळजवळ नाहीच. गेरूचा खडा दगडावर पाण्यात घासून तो बोटाने, काडीच्या चघळलेल्या टोकाने आणि फुंकरीने, अशा तीन रीतींनी खडबडीत दगडावर लावून पाहावा. खडबडीत पृष्ठभागावर बोटाची रेषा तुटते, काडीची रेषा बारीक उतरते आणि फुंकून उडवलेल्या रंगाला कडा राहत नाही; गुहेतील हाताचे ठसे याच शेवटच्या रीतीने, हात भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकून, उमटवलेले आहेत.

निळ्याची उणीव इजिप्तने भरून काढली. वाळू, चुना, तांबे आणि क्षार एकत्र भाजून तेथे जो निळा रंग तयार होई, तो माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांपैकी एक मानला जातो. रंगाचा इतिहास वाचताना ही रेघ आठवणीत ठेवावी: अलीकडे मातीतून उचललेला रंग, पलीकडे भट्टीत घडवलेला.

आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, जोर्वे भांड्यांवर तर दोनच रंगांचा खेळ आहे, लाल पृष्ठभागावर काळ्या भौमितिक रेषा. त्यांत प्राणी-माणसे कमी दिसतात म्हणून ती घाईने ओलांडून जाऊ नये. लय म्हणजे काय हे शिकण्यासाठी तिरप्या रेषांची ती पुनरावृत्ती एखाद्या भव्य भित्तिचित्राहून अधिक सोपी जागा आहे. भांड्याच्या गोलाईवर सुरू केलेली नक्षी पूर्ण फिरून आल्यावर पहिल्या रेषेला कशी मिळवली आहे, तेवढे एक पाहावे.

चौथी पायरी: जागा कशी वापरली आहे ते पाहावे

चित्रात जमीन कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक चित्राला विचारावा. उत्तरांवरून प्रागैतिहासिक चित्र आणि संस्कृतींच्या काळातले चित्र यांतला सर्वांत मोठा फरक लक्षात येतो.

गुहाचित्रांत बहुधा जमिनीची रेषा नसते. प्राणी एकमेकांच्या अंगावरून, वर-खाली, उलट दिशांना असतात. स्पेनमधील आल्तामिरा गुहेच्या छतावर बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी) ज्या ठिकाणी काढले आहेत, तेथे खडकाचे नैसर्गिक फुगवटे आहेत आणि प्राण्याचे शरीर नेमके त्या फुगवट्यांवर बेतले आहे. म्हणजे जागा कोरी नव्हती. खडकात आधीच असलेला घनाकार कलावंताने ओळखला. ही चित्रे मार्सेलिनो सान्स दे सौतुओला यांच्या लहान मुलीने १८७९ मध्ये प्रथम पाहिली आणि सौतुओला यांनी ती प्राचीन असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या काळच्या नामवंत तज्ज्ञांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. इतके चांगले चित्र इतके जुने असूच शकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. एमिल कार्तैयाक या फ्रेंच अभ्यासकाने १९०२ मध्ये आपली चूक छापून मान्य केली, पण सौतुओला १८८८ मध्येच वारले होते. वर सांगितलेला नियम विद्वानांनीही मोडला होता, हे नवशिक्याने जाणून असावे.

भीमबेटकाच्या ‘प्राणिसंग्रहालय खडक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलाश्रयात एकावर एक थर आहेत. तेथे कोणती रेषा कोणत्या रेषेवरून गेली आहे हे पाहून क्रम लावता येतो: वरची नंतरची, खालची आधीची. ढाल-तलवारी घेतलेले घोडेस्वार दिसले की तो भाग ऐतिहासिक काळातला आहे हे लगेच कळते. त्या क्रमाची वहीत आकृती काढून प्रत्येक थराला वेगळी खूण द्यावी. पुढे जुन्या थराविषयी काहीही वाचायला घेतले तर हीच आकृती कामी येते.

यानंतर थेट मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरात, यावे. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना उर या प्राचीन नगरातील राजघराण्याच्या दफनभूमीत सापडलेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली ‘उरची पताका’ इ.स.पू. २५०० च्या सुमाराची आहे. निळ्या लाजवर्दी दगडाच्या पार्श्वभूमीवर शिंपल्यांच्या आकृती जडवलेल्या या पेटीवजा वस्तूच्या एका मोठ्या बाजूला युद्ध आणि दुसऱ्या बाजूला मेजवानी आहे. प्रत्येक बाजूचे तीन आडवे पट्टे केले असून प्रत्येक पट्ट्याला स्वतःची आधाररेषा आहे. माणसे आता रांगेत आली, त्यांना क्रम आला आणि क्रमाबरोबर वाचनही आले. पट्टे खालून वर पाहत गेले की प्रसंग उलगडतो. युद्धाच्या बाजूला सर्वांत वरच्या पट्ट्यात राजाचे डोके चौकटीची कडा ओलांडून बाहेर गेले आहे. त्याचे महत्त्व त्याच्या उंचीने सांगितले आहे.

पट्ट्यांची सवय झाली की लगेच ती मोडणारी कलाकृती पाहावी, कारण नियम मोडलेला पाहिल्यावरच नियमाची ताकद कळते. मेसोपोटेमियातील अक्कदचा राजा नरामसिन याची सुमारे दोन मीटर उंचीची विजयशिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यात आडवे पट्टे नाहीत. सैनिक डोंगराच्या चढावर तिरप्या रेषेत वर जात आहेत, राजा सर्वांच्या वर एकटा उभा आहे, त्याच्या डोक्यावर देवांसाठी राखीव असलेले शिंगांचे शिरस्त्राण आहे आणि त्याच्यावर फक्त तारे आहेत. या शिळेचे रेखाटन करताना माणसे काढूच नयेत. केवळ मुख्य तिरप्या रेषा आणि राजाच्या जागी एक उभी रेषा काढावी. रचना म्हणजे काय, याचे उत्तर त्या पाच-सहा रेषांत मिळते.

पाचवी पायरी: मानवाकृतीला पुरेसा वेळ द्यावा

या पायरीवर रेंगाळणे सर्वांत फायद्याचे आहे, आणि त्यासाठी इजिप्तला पर्याय नाही. इजिप्शियन चित्रात उभ्या माणसाचे डोके बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, कंबर व पाय पुन्हा बाजूने काढलेले असतात. असे कोणीही उभे राहू शकत नाही हे त्या चित्रकारांना माहीत होतेच. प्रत्येक अवयव ज्या बाजूने सर्वांत स्पष्ट आणि पूर्ण ओळखता येतो, त्या बाजूने तो दाखवायचा, हे त्यांचे सूत्र होते. थडग्यातले चित्र मृताच्या परलोकातल्या जीवनासाठी असे. त्यात दिसण्यापेक्षा संपूर्ण असण्याला महत्त्व होते. नेबामुन या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या बागेच्या चित्रात हेच सूत्र वस्तूंना लावले आहे: तळे वरून पाहिल्यासारखे चौकोनी, पण त्यातले मासे आणि काठावरची झाडे बाजूने.

आता चौकटींची वही उघडावी. मध्य राज्याच्या काळापासून (इ.स.पू. २००० च्या सुमारापासून) इजिप्शियन चित्रकार उभी आकृती काढण्याआधी भिंतीवर चौकटींची जाळी आखत. तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटी असत. गुडघा सहाव्या चौकटीच्या रेषेवर, नितंबांची खालची कड नवव्या रेषेवर, कोपर बाराव्या रेषेच्या आसपास आणि मान जेथे खांद्यांना मिळते ती जागा सोळाव्या रेषेवर येई. मुठीची रुंदी साधारण एक चौकट. बसलेल्या आकृतीसाठी १४ चौकटी धरत. या रेषा आखून त्यांवर एक उभी आकृती काढावी. पहिल्याच प्रयत्नात ती ‘इजिप्शियन’ दिसू लागते आणि शेकडो वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या हातांनी काढलेली चित्रे एका घराण्यातली का वाटतात, याचा उलगडा होतो. प्रमाण म्हणजे शरीराच्या अवयवांचे एकमेकांशी असलेले ठरलेले नाते. ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा आखणे सोपे आहे.

त्यानंतर नार्मर पट्टिका घ्यावी. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास कोरलेली आणि सुमारे ६४ सेंटिमीटर उंच असलेली ही दगडी पट्टिका हायराकॉनपोलिस येथे सापडली आणि आज कैरोच्या संग्रहालयात आहे. डोळ्यांचे अंजन वाटण्याच्या साध्या पाट्याचा हा भव्य, समारंभी अवतार आहे; दोन काल्पनिक प्राण्यांच्या लांब माना गुंफून जो गोल खळगा झाला आहे, तो त्या मूळ वापराची आठवण. तिच्यासमोर बसून पुढील प्रश्नांची उत्तरे क्रमाने लिहावीत. राजा दोन्ही बाजूंवर किती वेळा आला आहे? प्रत्येक वेळी त्याचा मुकुट कोणता आहे? एका बाजूला वरच्या (दक्षिणेकडच्या) इजिप्तचा पांढरा आणि दुसऱ्या बाजूला खालच्या (उत्तरेकडच्या) इजिप्तचा लाल मुकुट आहे. त्याच्या पादुका कोण वाहतो आणि तो सेवक राजाच्या कोठपर्यंत येतो? पट्टे कोठे आखले आहेत? तटबंदी फोडणारा बैल कोणाचे रूप असावा? एवढी उत्तरे लिहिली की आकाराने महत्त्व दाखवणे, पट्ट्यांची रचना, बाजूचे व समोरचे दर्शन आणि प्रतीक या चारही संकल्पना एकाच वस्तूत भेटतात. इजिप्तची कला शिकायला एकच वस्तू निवडायची झाली, तर तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा न घेता ही पट्टिका घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रीसबद्दल येथे थोडेच सांगणे पुरे, कारण त्यावर वाचायला भरपूर मिळते. इ.स.पू. ६०० च्या सुमाराचे ग्रीक तरुणांचे संगमरवरी पुतळे डावा पाय पुढे टाकून ताठ उभे असतात आणि त्यांच्यावरचा इजिप्तचा प्रभाव उघड दिसतो. इ.स.पू. ४८० च्या सुमाराच्या, अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातील ‘क्रितिओसचा मुलगा’ या पुतळ्यात शरीराचा भार एका पायावर गेला आहे, त्यामुळे कंबर तिरपी झाली आहे आणि मान किंचित वळली आहे. आरशासमोर आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर भार टाकून उभे राहावे आणि कमरेवर हात ठेवून कोणती बाजू वर गेली ते पाहावे. हा बदल शब्दांनी समजावण्याची गरज राहत नाही. संग्रहालयांतले अनेक ‘ग्रीक’ पुतळे मुळात कांस्य कृतींच्या रोमन काळातील संगमरवरी प्रती आहेत, हेही ध्यानात ठेवावे. पायाशी झाडाचा बुंधा दिसला तर तो बहुधा दगडाचे वजन पेलण्यासाठी प्रत करणाऱ्याने घातलेला आधार असतो.

सहावी पायरी: शिल्पाभोवती फिरावे

शिल्प पाहताना पहिला प्रश्न ते पार्श्वभूमीपासून किती सुटले आहे हा असावा. चारही बाजूंनी मोकळे असेल तर ते पूर्ण शिल्प. पाठीमागच्या दगडातून आकृती वर उचलली असेल तर ते उठावशिल्प. आकृतीची कडच आत खोदून आकृती दगडाच्या पातळीखाली ठेवली असेल तर ते खोलगट उठावाचे शिल्प. हा शेवटचा प्रकार इजिप्तमध्ये मंदिरांच्या बाहेरील भिंतींवर अधिक आढळतो, कारण तेथील प्रखर उन्हात खोदलेल्या कडेची सावली गडद पडते आणि आकृती लांबूनही स्पष्ट दिसते. उत्तर मेसोपोटेमियातल्या अ‍ॅसिरियाच्या राजवाड्यांच्या दारांवरील पंखधारी बैलांना तर अनेकदा पाच पाय दिलेले असतात: समोरून पाहणाऱ्याला स्थिर उभे दोन आणि बाजूने जाणाऱ्याला चालते चार. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरुद येथील अ‍ॅसिरियन उठावशिल्पे आहेत, त्यामुळे उठावाची खोली किती कमी असू शकते हे पाहायला परदेशी जावे लागत नाही.

धातूच्या मूर्तीत घडवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘नर्तिका’ मेणाच्या ओतकामाने घडवली आहे: मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचे, रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओतायचा आणि शेवटी मातीचा साचा फोडायचा. साचा फुटतो, म्हणून एका मेणमूर्तीपासून एकच धातुमूर्ती मिळते. मेण बोटांनी वळवता येते, म्हणूनच तिचा कमरेवरचा हात शरीरापासून सुटा राहू शकला आणि हात व कंबर यांमध्ये मोकळी जागा तयार झाली. ती रिकामी जागाही आकारच आहे. मूर्तीऐवजी ती जागाच पेन्सिलीने भरून काढण्याचा सराव करावा.

याच ओघात प्रवरा नदीकाठच्या दायमाबादची कांस्यशिल्पे पाहावीत. १९७४ मध्ये तेथील एका शेतकऱ्याला ही चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे, तर रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. ती उत्खननाच्या नेमक्या थरातून मिळालेली नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेकांनी ती उत्तर-हडप्पा काळाशी जोडली आहेत. दायमाबादचा रेडा आणि मोहेंजोदडोची मूर्ती शेजारी ठेवून पाहिली, तर एकात वजन आणि दुसरीत तोल हा विषय आहे हे लक्षात येते.

सातवी पायरी: अर्थ शेवटी आणि जपून विचारावा

वर्णन पुरे झाल्याशिवाय अर्थाकडे जाऊ नये. वहीच्या पानाचे दोन भाग करून डावीकडे ‘दिसते’ आणि उजवीकडे ‘वाटते’ असे लिहावे. ‘नर्तिका’, ‘राजपुरोहित’, ‘पशुपती मुद्रा’ ही नावे उत्खनन करणाऱ्यांनी किंवा नंतरच्या अभ्यासकांनी दिलेली असून हडप्पा लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. त्यामुळे ही नावे उजव्या रकान्यातच जातात. ‘पशुपती मुद्रे’बाबत डाव्या रकान्यात येते ते असे: शिंगांसारखे शिरोभूषण घातलेली, आसनावर बसलेली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा व रेडा. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत भाजलेल्या नव्हे तर कच्च्या मातीची शिर नसलेली स्त्रीमूर्ती, बैल आणि मातीची डबी एकत्र मिळाली. तिच्याविषयी देवतेचा तर्क सबळ आहे, कारण वस्तू घराच्या जमिनीखाली मुद्दाम पुरलेली सापडली. तर्काला आधार असा वस्तूच्या जागेतून आणि सोबत्यांतून मिळायला हवा; केवळ दिसण्यातून मिळालेला आधार कच्चा समजावा.

गुहाचित्रे शिकार यशस्वी व्हावी म्हणून काढली, हे वाक्य जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते. लास्कोच्या परिसरात माणसे मुख्यतः रेनडिअर खात होती असे तेथील हाडांवरून दिसते, पण भिंतींवर घोडे आणि बैल अधिक आहेत. एवढी एक विसंगती त्या ठाम वाक्याविषयी शंका घ्यायला पुरेशी आहे.

आठवी पायरी: काळ कशावरून ठरवला ते विचारावे

‘इतक्या हजार वर्षांपूर्वीचे’ हा आकडा वाचला की त्यामागची पद्धत शोधावी. कोळशाने काढलेल्या रेषेत कार्बन असतो, म्हणून तिचे थेट कार्बनमापन करता येते. फ्रान्समधील शोवे गुहेतील रेखाटनांचे असे मापन झाले आहे. गेरू हे लोहखनिज असल्यामुळे त्यावर ही पद्धत चालत नाही. अशा वेळी चित्रावर साचलेल्या चुन्याच्या थराचे वय युरेनियमच्या साहाय्याने काढतात, आणि मिळते ते चित्राचे किमान वय असते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका चित्राला २०२४ मध्ये किमान ५१,२०० वर्षे हे वय याच तत्त्वावर दिले गेले. कोकणातील कोरीव रेषांत तर रंगही नाही, साचलेला थरही नाही, त्यामुळे त्यांच्या काळाविषयीचे अंदाज परिसरात मिळणारी हत्यारे, कोरलेले प्राणी आणि शैली यांवर उभे आहेत. गेंडा आज कोकणात नाही, हा त्यांतला एक दुवा.

नववी पायरी: प्रत्यक्ष भेटीची आखणी

महाराष्ट्रात राहणाऱ्याने सुरुवात मुंबईच्या वस्तुसंग्रहालयापासून आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व संग्रहालयापासून करावी. जाण्यापूर्वी वेळ व सुट्टीचे दिवस विचारून घ्यावेत. एका भेटीत तीनपेक्षा अधिक वस्तूंचे रेखाटन करण्याचा हट्ट धरू नये. कातळशिल्पांसाठी हिवाळा चांगला, कारण पावसाळ्यात सड्यावर गवत व पाणी असते आणि उन्हाळ्यात दगड तापतो. सकाळी लवकर किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडते, तेव्हा कोरीव रेषांत सावली भरते आणि दुपारी न दिसणारी आकृती सहज दिसते. शक्य असल्यास गावातील माहीतगाराला बरोबर घ्यावे. सडा खाजगी मालकीचा असू शकतो.

छायाचित्र उठून यावे म्हणून शैलचित्रांवर पाणी मारणे आणि कातळशिल्पांत खडू किंवा चुना भरणे या दोन्ही गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. पाण्याने क्षार वर येऊन चित्रावर पांढरा थर धरतो आणि भरलेला चुना पुढच्या अभ्यासकाच्या मापनात मिसळतो. श्वासही निरुपद्रवी नसतो: १९४० मध्ये सापडलेली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडल्यावर प्रेक्षकांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणामुळे भिंतींवर शेवाळ धरू लागले, आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. आज पर्यटक तिची प्रतिकृती पाहतात. सड्यावर शिरताना चपला काढून आकृतीच्या बाहेरून चालावे, मोजपट्टी रेषेवर न टेकवता शेजारी ठेवावी आणि वहीत उत्तर दिशा, सूर्याची वेळ व आकृतीची लांबी-रुंदी नोंदवूनच रेखाटनाला सुरुवात करावी.